जुन्या मोटारीचें इंजिन : राखावें कीं बदलावें?

पन्नास-साठ वर्षांपूर्वींची एखादी मोटार घराण्यांत जपून ठेवलेली असते. पत्रा शाबूत असतो, आसनें नीटनेटकीं असतात. थकलेलें असतें तें इंजिन. तेल जळूं लागतें, मागें निळा धूर राहतो, चढावर गाडी दम टाकते. मग घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, दुसरें इंजिन बसवून गाडी फिरती ठेवावी. दुसरा म्हणतो, इंजिनच गेलें तर ती आजोबांची गाडी कसली? हा वाद मिस्त्रीनें तोडावयाचा असें वाटतें. परंतु त्याचें मूळ इतिहासांत आहे आणि त्या इतिहासाचा एक धागा सोलापुराशीं जोडलेला आहे.

शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूर येथें २३ नोव्हेंबर १८८२ रोजीं झाला. आगबोट, विमान आणि मोटार हीं तिन्ही वाहनें स्वदेशांत तयार व्हावींत, हा त्यांचा ध्यास होता. सर विश्वेश्वरय्या यांनीं पुरस्कारिलेली मोटार-कारखान्याची कल्पना त्यांनीं उचलून धरली. युद्धकाळांत सरकारचें साहाय्य लाभलें नाहीं. तरीहि १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी उभी राहिली. मुंबईंतील कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९४७ पासून अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या डॉज, डिसोटो व प्लिमथ या गाड्या जुळवून बाहेर पडूं लागल्या. १९५१ मध्यें इटलींतील तुरीनच्या फियाट कंपनीचा हात धरला गेला. पुढें फियाट ११०० आली व तीच १९७४ च्या सुमारास प्रीमियर पद्मिनी या नांवानें घरोघरीं पोंचली. तिचें १०८९ घन सेंटिमीटरचें चार सिलिंडरांचें इंजिन मुळांत तुरीनचें. वालचंदांनीं मात्र ८ एप्रिल १९५३ रोजींच इहलोक सोडला होता.

इंजिन बदलणें हें पातक मानावें, तर तें खुद्द कारखान्यानेंहि केलें आहे. १९८५ सालीं त्यानें काढलेल्या ११८ एन. ई. या गाडीचा देह फियाटचा आणि इंजिन जपानच्या निस्सान कंपनीच्या घडणीचें होतें. गाडीमालकांचें तर विचारूंच नये. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागलें, तेव्हां थोराड अमेरिकन गाड्या पोसणें कठीण झालें. कित्येकांनीं त्यांतील पेट्रोल-इंजिन उतरवून डिझेलचें चढविलें. ज्याची गाडी पोटासाठीं धांवत होती, त्याला दोष कोण देईल?

परंतु आज ती गाडी पोटासाठीं धांवत नाहीं. ती आठवणीसाठीं उभी आहे. हेतु बदलला कीं न्यायहि बदलतो. जुलै २०२१ मध्यें भारत सरकारनें व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पन्नास वर्षें पुरीं झालेली आणि मूळ रूपांत राखलेली गाडीच त्यांत बसते. सांगाडा, देह वा इंजिन यांत मोठा फेरफार असतां कामा नये. अशा गाडीला ‘व्ही. ए.’ अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. पण ती रोजच्या वापरास चालत नाहीं, प्रदर्शनास वा शर्यती-संमेलनासच काढतां येते. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें २०१२ सालीं स्वीकारलेल्या सनदेलाहि योगायोगानें तुरीनचेंच नांव आहे. मूळ द्रव्य शक्य तितकें राखावें, फेरफार करावा लागलाच तर तो उलटवितां येण्याजोगा असावा, त्याची नोंद ठेवावी आणि काढलेले महत्त्वाचे भाग गाडीबरोबरच जपावे, असा तिचा आशय आहे.

म्हणून निर्णयाचा क्रम असा असावा. प्रथम मूळ इंजिनच दुरुस्त होतें कां, तें पाहावें. झिजलेले सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालतां येतात. झीज फार असेल तर आंत नवी स्लीव्ह बसवितां येते. क्रँकशाफ्ट घासून बेअरिंगें बदलतां येतात. ठोकळाच फुटला असेल, तर त्याच जातीचें दुसरें इंजिन शोधावें व मोटार-नोंदणी कचेरीची संमति घ्यावी, कारण इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकांत असतो. मुंबईंतील अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. तेव्हां हा शोध यापुढें अवघडच होणार. अगदींच परकें इंजिन घालावें लागलें, तर सांगाड्याला करवत लावूं नये आणि जुनें इंजिन भंगारवाल्यास देऊं नये.

एक सूक्ष्म प्रश्न मात्र उरतो. १९७४ सालीं एखाद्या डॉजमध्यें बसविलेलें डिझेल-इंजिन आतां स्वतःच पन्नाशीचें झालें आहे. नियमाच्या दृष्टीनें तें उपरें. पण त्या महागाईच्या दिवसांची साक्ष तेंच देतें. मूळ इंजिन मिळालें म्हणून तें घाईनें फेंकून देणें म्हणजे एक पान वाचण्यासाठीं दुसरें फाडणें होय. तेंहि लेबल लावून, सालासह, कोठींत ठेवावें.