‘मेट्रोपोलिस’ (१९२७) : एका चित्रपटाचे अनेक कर्ते

चित्रपटाच्या इतिहासलेखनात दिग्दर्शकालाच कृतीचा एकमेव कर्ता मानण्याची प्रथा रूढ आहे. ती सोयीची असली तरी अभ्यासाच्या दृष्टीने नेहमीच योग्य ठरत नाही. जर्मन मूकपट ‘मेट्रोपोलिस’ हे याचे ठळक उदाहरण होय. ज्या प्रकाराला समीक्षेत ‘डिस्टोपिया’ म्हणतात, त्या भविष्यातील अनिष्ट समाजाचे चित्र रंगविणाऱ्या विज्ञानपटांच्या परंपरेत हा चित्रपट अग्रस्थानी मानला जातो, आणि त्याचे श्रेय बहुधा फ्रिट्झ लांग या एकाच नावावर जमा होते. तथापि हा चित्रपट कसा घडला, कसा छाटला गेला आणि कोणत्या पुराव्यांच्या आधारे पुन्हा जोडला गेला हे पाहिले असता, दुय्यम समजल्या गेलेल्या सहकाऱ्यांचा वाटा किती मूलभूत होता याची साक्ष पटते. प्रस्तुत लेखात या कलावंत-तंत्रज्ञांच्या कार्याचा आणि त्यांच्या पुढील वाटचालीचा मागोवा घेतला आहे.

चित्रपटाचे कथानक थोडक्यात असे. एका महानगरात धनिक उंच मनोऱ्यांवर राहतात, तर यंत्रे चालविणारे कामगार जमिनीखाली. नगराधिपती योह फ्रेडरसन याचा मुलगा फ्रेडर कामगारांची प्रेरणा असलेल्या मारियाच्या प्रेमात पडतो. संशोधक रोटवांग मारियाच्या चेहऱ्याची यंत्रस्त्री तयार करतो. ती कामगारांना चिथावते, यंत्रे मोडली जातात आणि भूमिगत वस्तीत पूर येतो. शेवटी राबणारे हात आणि योजना आखणारे डोके यांच्यात हृदयाने मध्यस्थी करावी, असा समेट घडतो. या समेटावर तेव्हापासून आजवर टीका होत आली आहे, आणि ती गैरवाजवी म्हणता येणार नाही.

कल्पना कोणाची?

ऑक्टोबर १९२४ मध्ये अमेरिकेला गेले असता बोटीवरून न्यूयॉर्कचे दिवे पाहून आपल्याला हा चित्रपट सुचला, असे लांग सांगत असत. ही आख्यायिका पाठ्यपुस्तकांतही शिरली आहे. परंतु त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, म्हणजे प्रवासापूर्वीच, या पटकथेचे काम सुरू असल्याचे वृत्त छापून आले होते. पटकथा लिहीत होत्या थेआ फॉन हार्बू. त्या लांग यांच्या पत्नी होत्याच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या काळातील यशस्वी कादंबरीकार आणि पटकथाकार होत्या. १९२६ मध्ये त्यांची ‘मेट्रोपोलिस’ ही कादंबरीही प्रसिद्ध झाली. चित्रपटाची कीर्ती वाढली तशी दृश्यांची भव्यता लांग यांच्या खाती आणि कथेचा भाबडेपणा हार्बू यांच्या खाती, अशी वाटणी समीक्षेने करून टाकली. उतारवयात लांग यांनी चित्रपटाचा निष्कर्ष आपल्याला पटत नसल्याचे सांगितले. मात्र त्याच्या जबाबदारीत आपलाही निम्मा वाटा असल्याचे त्यांनी नाकारले नाही. त्यांच्या अनेक चाहत्यांपेक्षा ही भूमिका अधिक प्रामाणिक होती.

निर्मिती आणि श्रमविभागणी

‘ऊफा’ या संस्थेने निर्माते एरिश पोमर यांच्या देखरेखीखाली २२ मे १९२५ रोजी चित्रीकरणाला प्रारंभ केला आणि ते ऑक्टोबर १९२६ अखेरपर्यंत चालले. संस्थेच्या प्रसिद्धीपत्रकानुसार त्यासाठी ३१० दिवस आणि ६० रात्री खर्ची पडल्या. खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट वाढून पन्नास लाख मार्कांवर गेल्याचे सांगितले जाते. चित्रपट पूर्ण होण्यापूर्वीच पोमर यांना संस्था सोडावी लागली.

नेपथ्याची जबाबदारी ओटो हुन्टे, एरिश केटेलहुट आणि कार्ल फोलब्रेश्ट या तिघांवर होती. महानगराच्या रस्त्यांवरून धावणारी वाहने म्हणजे प्रतिकृतीवरील छोटी खेळणी होत. ती हाताने किंचित पुढे सरकवून प्रत्येक वेळी एकेक चौकट टिपली जाई. पडद्यावर काही सेकंदांत सरणाऱ्या दृश्यामागे अनेक दिवसांचे हे कष्ट असत. कार्ल फ्रॉइंड आणि ग्युंटर रिटाऊ हे छायालेखक होते. एकाच फितीवर पुनःपुन्हा चित्रण करून एकात एक मिसळलेल्या प्रतिमा त्यांनी प्रयोगशाळेऐवजी थेट कॅमेऱ्यातच साधल्या.

ओयगेन शुफ्टान यांच्या नावाने पुढे ओळखली गेलेली पद्धत या चित्रपटामुळेच प्रसिद्धीस आली. कॅमेऱ्यासमोर पंचेचाळीस अंशांत आरसा ठेवावयाचा आणि त्याच्या काही भागावरील चांदीचा लेप खरवडून काढावयाचा. उरलेल्या आरशात बाजूला ठेवलेल्या छोट्या प्रतिकृतीचे प्रतिबिंब दिसते आणि खरवडलेल्या काचेतून दूर उभे असलेले नट दिसतात. दोन्ही एकाच वेळी टिपल्यामुळे माणसे प्रचंड वास्तूत वावरत असल्याचा भास होतो. आज हे संगणकावर होते. तेव्हा ते काच, चांदी आणि अचूक मोजमाप यांवर अवलंबून होते.

यंत्रस्त्रीचे शिल्पकार वाल्टर शुल्झे-मिटेनडॉर्फ यांना प्रथम तांब्याच्या पत्र्याचा विचार सुचला होता. पण तो पोशाख घालून हालचाल करणे अशक्य झाले असते. अखेर कणकेसारखा मळता येणारा आणि वाळल्यावर कठीण होणारा लाकडाचा लगदा त्यांच्या हाती आला. ब्रिगिटे हेल्म यांच्या शरीराचा प्लास्टरचा साचा घेऊन त्यावर त्या लगद्याचे कवच घडविण्यात आले आणि वर धातूचा भास देणारा रंग फवारण्यात आला. मारिया आणि यंत्रस्त्री या दोन्ही भूमिका करणाऱ्या हेल्म यांचा हा पहिलाच चित्रपट होता. कवचाच्या आत कोण आहे हे प्रेक्षकांना दिसणार नव्हते. तरीही लांग यांनी त्यांनाच आत उभे केले, आणि त्या ताठर कवचाचे ओरखडे व काच त्यांना सोसावे लागले. फ्रेडरची भूमिका गुस्टाव्ह फ्रोलिश यांना मिळाली तीही योगायोगाने. मूळ नटाला वगळल्यावर, तोवर किरकोळ भूमिकेत असलेल्या या तरुणाकडे हार्बू यांचे लक्ष गेले. वेशभूषाकार ऐने विलकोम यांचे नाव मात्र चित्रपटावरील लेखनात क्वचितच आढळते.

ज्यांची नावे कोठेच आढळत नाहीत अशांची संख्या फार मोठी आहे. ऊफाने २५,००० पुरुष, ११,००० स्त्रिया, ७५० मुले आणि डोके भादरलेले १,१०० पुरुष अशी जंत्री जाहीर केली होती. हे आकडे व्यक्तींचे नसून रोजंदारीच्या हजेरीचे असावेत असा संशय घेण्यास जागा आहे. पण गर्दी खरी होती, आणि ती बहुतांशी बेरोजगारांची होती. पुराच्या दृश्यांसाठी बर्लिनच्या गरीब वस्त्यांतील मुले दिवसचे दिवस पाण्यात उभी करण्यात आली. श्रमिकांच्या पिळवणुकीची कथा सांगणाऱ्या चित्रपटाची ही बाजू त्याच्या कथेइतकीच बोलकी आहे.

छाटणी

१० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनच्या ‘ऊफा-पालास्ट आम झू’ या चित्रपटगृहात प्रथम प्रयोग झाला. तेव्हा चित्रपटाची लांबी ४,१८९ मीटर होती. आर्थिक अडचणीत सापडलेल्या ऊफाने डिसेंबर १९२५ मध्ये पॅरामाउंट आणि मेट्रो-गोल्डविन या अमेरिकी संस्थांशी करार केला होता. अमेरिकेतील प्रदर्शनासाठी नाटककार चॅनिंग पोलॉक यांनी चित्रपटाची काटछाट केली. फ्रेडरसनची दिवंगत पत्नी, जिच्यावर रोटवांगचेही प्रेम होते, तिचे नाव ‘हेल’. इंग्रजीत त्याचा उच्चार नरकवाचक शब्दासारखा होतो म्हणून ते पात्रच वगळण्यात आले. परिणामी रोटवांग यंत्रस्त्री का घडवतो, याचे कारणच नाहीसे झाले. जर्मनीतही त्याच वर्षी सुमारे ३,२४१ मीटरची आवृत्ती पुढे आली. पुढील आठ दशके जगाने जो ‘मेट्रोपोलिस’ पाहिला, त्यात फ्रिट्झ रास्प यांनी रंगविलेला हेर, टेओडोर लोस यांचा योसाफाट आणि एर्विन बिसवांगर यांचा ११८११ क्रमांकाचा कामगार जेमतेम उरले होते.

१९३३ नंतर

एकाच सेटवर राबलेल्या या मंडळींना १९३३ च्या सत्तांतराने परस्परविरोधी दिशांना नेले. पोमर आणि शुफ्टान हे ज्यू असल्याने त्यांना देश सोडावा लागला. शुफ्टान फ्रान्समार्गे अमेरिकेत पोहोचले आणि ‘द हसलर’ (१९६१) या चित्रपटाच्या छायालेखनासाठी त्यांना ऑस्कर मिळाले. फ्रॉइंड १९२९ मध्येच अमेरिकेला गेले होते. लांगही १९३३ मध्ये बाहेर पडले. गोबेल्सच्या भेटीनंतर त्याच रात्री आपण पळालो, ही त्यांनी सांगितलेली कथा पासपोर्टावरील शिक्क्यांशी जुळत नाही. कामगारांचा मुकादम साकारणारे हाइनरिश गेओर्ग एकेकाळी डाव्या विचारांच्या वर्तुळात वावरत. पुढे ते नाझी राजवटीचे आघाडीचे नट झाले आणि १९४६ मध्ये साक्सनहाउझेन येथील सोव्हिएत छावणीत मरण पावले. हुन्टे यांचा प्रवास तर अधिकच विलक्षण. ज्यूद्वेषी प्रचाराचे कुप्रसिद्ध उदाहरण ठरलेल्या ‘यूद झ्यूस’ (१९४०) या चित्रपटाचे नेपथ्य त्यांनी फोलब्रेश्ट यांच्यासह केले, आणि सहा वर्षांनी नाझी गुन्ह्यांचा जाब मागणाऱ्या ‘मारेकरी आपल्यातच आहेत’ या अर्थाच्या शीर्षकाच्या चित्रपटाच्या नेपथ्यातही तेच होते.

हार्बू जर्मनीतच राहिल्या, नाझी पक्षाच्या सदस्य झाल्या आणि पटकथालेखन करीत राहिल्या. याच काळात त्यांचे खाजगी जीवन राजवटीच्या वंशवादाशी सरळ विसंगत होते, आणि येथे या इतिहासाचा धागा मराठी मुलखाशी जुळतो. बेळगावजवळच्या बेळगुंदीचे आयी गणपत तेंडुलकर जर्मनीत शिक्षण घेऊन पत्रकारिता करीत होते. १९३३ मध्ये लांग यांच्यापासून घटस्फोट झाल्यावर हार्बू यांनी तेंडुलकर यांच्याशी गुप्तपणे विवाह केला. बर्लिनमधील भारतीय विद्यार्थ्यांना त्यांचा मोठा आधार होता. महायुद्धाच्या सुमारास तेंडुलकर मायदेशी परतले. १९४५ मध्ये त्यांनी इंदुमती गुणाजी यांच्याशी सेवाग्राम येथे गांधीजींच्या उपस्थितीत विवाह केला. त्यांची कन्या लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथात ही हकिकत सविस्तर मांडली आहे. हार्बू यांना केवळ ‘नाझी लेखिका’ ठरविणे किंवा या विवाहाच्या आधारे त्यांना दोषमुक्त करणे, हे दोन्ही सोपे मार्ग आहेत. त्यांच्या चरित्रात या दोन गोष्टी एकत्र नांदत होत्या, हे वास्तव आहे. युद्धानंतर त्यांना काही काळ ब्रिटिश छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. १ जुलै १९५४ रोजी बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले.

पुनर्जुळणी आणि पुरावे

हरवलेल्या दृश्यांची मूळ जागा ठरविणारा पुरावा दिग्दर्शकाच्या कागदपत्रांतून मिळाला नाही. संगीतकार गॉटफ्रीड हुप्पेर्ट्झ यांच्या स्वरलिपीत वादकांच्या सोयीसाठी पडद्यावरील घटनांच्या हजाराहून अधिक खुणा नोंदविलेल्या होत्या. कोणत्या दृश्यानंतर कोणते दृश्य येते, हे त्यांवरून कळू शकले. थेआ यांचे बंधू होर्स्ट फॉन हार्बू यांनी चित्रीकरणाच्या वेळी घेतलेली स्थिरचित्रे आणि सेन्सॉर कार्यालयात जपलेला मजकूरपट्ट्यांचा तक्ता हे आणखी दोन आधार. म्युनिक येथे एन्नो पटालास यांनी १९८७ पर्यंत केलेली जुळणी याच साधनांवर उभी होती. २००१ मध्ये नवी प्रत तयार झाली आणि त्याच वर्षी युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत चित्रपटाचा समावेश झाला.

२००८ मध्ये ब्युनोस आयर्स येथील चित्रपट संग्रहालयात जवळपास पूर्ण लांबीची १६ मि.मी. प्रत सापडली. १९२८ च्या सुमारास एका वितरकाने अर्जेंटिनात नेलेल्या मूळ प्रतीवरून ती उतरविलेली होती. तिचा माग इतिहासकार फर्नांडो पेन्या यांना एका साध्या तक्रारीवरून लागला. पूर्वी एका फिल्म क्लबात हा चित्रपट दाखविताना प्रक्षेपकावर दोन तासांहून अधिक काळ बोट दाबून ठेवावे लागले, असे त्यांच्या कानी आले होते. ज्ञात प्रती इतका वेळ चालतच नसत. संग्रहालयाच्या प्रमुख पाउला फेलिक्स-दिदिएर यांच्या सहकार्याने पेट्या उघडण्यात आल्या आणि सुमारे पंचवीस मिनिटांचा भाग परत मिळाला. १२ फेब्रुवारी २०१० रोजी बर्लिन महोत्सवात ही आवृत्ती दाखविली गेली, तेव्हा रास्प, लोस आणि बिसवांगर यांच्या भूमिका आठ दशकांहून अधिक काळानंतर प्रेक्षकांपुढे आल्या. त्या भागावर ओरखड्यांच्या उभ्या रेघा कायम आहेत. दोन दृश्ये मात्र वापरण्याजोगी मिळाली नाहीत: चर्चमधील साधूचे प्रवचन, आणि फ्रेडरसन व रोटवांग यांची झुंज. दुसऱ्या दृश्यात आल्फ्रेड आबेल आणि हार्बू यांचे पहिले पती रुडॉल्फ क्लाइन-रोगे समोरासमोर होते. या दोन्ही जागी आज पडद्यावर केवळ मजकूर येतो.