पौलाच्या प्रवासाला सन देणारा शिलालेख

प्रेषित पौलाने अंत्युखियापासून ग्रीसपर्यंत पायी आणि गलबताने हिंडून ख्रिस्ताची सुवार्ता सांगितली. परंतु त्याच्या एकाही पत्रावर सन नाही. मग हा कालक्रम लागला कसा?

डेल्फी येथे सापडलेल्या एका भग्न शिलालेखामुळे. ओसरत चाललेल्या डेल्फीत नवी वस्ती व्हावी, यासाठी सम्राट क्लॉडियसने धाडलेले ते पत्र. सुवार्तेशी त्याचा काडीचाही संबंध नाही! मात्र त्यात अखया प्रांताचा अधिपती गल्लियो याचे नाव येते आणि सम्राटाच्या 26 व्या विजयघोषाच्या उल्लेखावरून पत्राचा काळ इ. स. 52 च्या सुमाराचा ठरतो.

हाच गल्लियो, तत्त्वज्ञ सेनेकाचा भाऊ, ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात भेटतो. पौल तेव्हा करिंथ येथे अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या दांपत्यासोबत तंबू बनवून उदरनिर्वाह करीत होता. तेथे तो दीड वर्ष राहिला. विरोधकांनी त्याला न्यायासनापुढे खेचले. हा तुमच्या धर्मशास्त्राचा वाद, तुम्हीच पाहा, असे म्हणून गल्लियोने पौलाला तोंड उघडण्याची वेळही येऊ न देता फिर्याद फेटाळली.

अधिपतीची मुदत साधारणतः वर्षभराची. म्हणून ही सुनावणी 51-52 मधली. पौलाच्या इतर यात्रांची वर्षे येथूनच मागेपुढे मोजली जातात.