सावड की वेठ?

मोबदला न घेता दुसऱ्यासाठी राबणे महाराष्ट्राच्या खेड्यांना नवे नाही. पण या राबण्याची दोन घराणी आहेत आणि श्रमदानाचा इतिहास लिहिणारे बहुधा एकाच घराण्याचे नाव घेतात. ते घराणे सावडीचे. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. ज्याची बैलजोडी अडली त्याच्यासाठी गाव इर्जिक घाली, नांगरट उरके आणि संध्याकाळी त्याच्याकडेच पंगत बसे. धुळे-नाशिककडच्या पांझरा, गिरणा, मोसम या नद्यांवर फड बागायतीत पाट साफ ठेवण्याचे काम फडातले शेतकरी मिळून करत, कारण त्या पाटाचे पाणी त्यांच्याच पिकाला जाई. दुसरे घराणे वेठीचे. महार वतनदाराला गावकीसाठी दिवसा-रात्री केव्हाही बोलावणे येई. सांगावा नेणे असो की मेलेले जनावर ओढणे, नाही म्हणायची सोय नव्हती. हातात पडे ते तुटपुंजे बलुते. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले; ही वतने कायद्याने गेली ती १९५८ मध्ये. वेठीलाही ‘गावाचे काम’ असेच म्हणत, हे विसरता येत नाही.

विसाव्या शतकातले श्रमदान या दोन्हींहून वेगळे असल्याचे सांगत आले. गाडगेबाबा कीर्तनाआधी गाव झाडत. मोबदल्यात भाकरीपलीकडे काही घेत नसत. १९६७ मध्ये बाबा आमट्यांनी सोमनाथला तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरवली आणि १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजनेने महाविद्यालयीन पोरांच्या हाती कुदळ-फावडे दिले. या परंपरेचे सर्वांत मोठे दर्शन २०१६ मध्ये सुरू झालेल्या वॉटर कपमध्ये घडले. वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांतल्या ११६ गावांनी पानी फाउंडेशनच्या या स्पर्धेत पहिल्या वर्षी भाग घेतला. वरुड हे संत्र्याच्या बागांचे शहर. त्याच बागांनी भूजल इतके उपसले की विंधनविहिरी खोल खोल जात राहिल्या. ४५ दिवस, तेही ऐन उन्हाळ्यात, लोकांनी समतल चर खणले, बांध घातले. कोरेगाव तालुक्यातले वेळू पहिले आले. तीन वर्षांत स्पर्धा ७६ तालुक्यांत पोचली आणि महाराष्ट्र दिनी शहरांतले ‘जलमित्र’ टोपी-बूट घालून माळावर उतरू लागले. त्यांच्या एका सकाळच्या खणण्यावर हसणे सोपे आहे, पण माझा आक्षेप त्यांच्यावर नाही.

आक्षेप हिशेबाचा आहे. चर खणायचा डोंगरउतारावर. पाणी मुरून चढते ते खालच्या विहिरीत. विहीर असते जमीनवाल्याची. ज्याला गुंठाभरही रान नाही, त्याच्या घामाचे पाणी दुसऱ्याच्या उसाला गेले तर ती सावड म्हणायची कशी? पाणलोटाच्या कामासोबत चराईबंदीही येते. झाडोरा वाढायला ती हवीच, पण तिचा पहिला फटका चार शेळ्यांवर जगणाऱ्या घराला बसतो.

यावर सांगितले जाते की पिण्याचे पाणी सगळ्यांचेच वाढते, टँकर थांबतो, बागायत वाढली की मजुरीही वाढते. हे खरे आहे आणि त्याचे मोल कमी लेखू नये. बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरणे ही लहान गोष्ट नव्हे. मात्र मजुरी वाढणे म्हणजे पाण्यात वाटा मिळणे नव्हे. शिवाय १९७२ च्या दुष्काळानंतर कामाची हमी कायद्यात आणणारे राज्य हे. खडी फोडणाऱ्याला, नालाबांध घालणाऱ्याला दाम मिळाला पाहिजे हे तत्त्व इथे मान्य झालेले आहे. त्याच मजुराला तेच काम दान म्हणून करायला सांगताना जास्त चांगले उत्तर हाताशी हवे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आधी वाटपाचा तंटा सोडवायला बसलो तर कुदळ कधीच पडणार नाही, गावातल्या भावकीत तेवढा शहाणपणा कुठून आणायचा? भीती अनाठायी नाही. पण हिवरे बाजारने ऊस आणि केळीला मनाई केली, शेतीसाठी विंधनविहीर नको असे ठरवले, चराई बंद केली तरी गवत कापून न्यायला वाट ठेवली. ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला. हे सगळे नगरच्या कमी पावसाच्या पट्ट्यात, पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाल्यानंतर घडले.

त्याहून पुढे गेले ते पुरंदरमधले नायगाव. १९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे तिथे गेले, देवस्थानाची पडीक जमीन कसायला घेतली आणि पाणी पंचायत उभी केली. पाणी द्यायचे ते कुटुंबातली माणसे मोजून, माणशी अर्ध्या एकरापुरते. कुणाकडे जमीन किती हे विचारायचे नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी घालायचा, वाटप पाटकऱ्याने करायचे, ऊस लावायचा नाही. इथे वाद आधी मिटवला आणि पाट नंतर वाहिला. काम त्यामुळे अडले नाही. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क होता, आणि शेतकऱ्याने जमीन विकली तर तिच्याबरोबर पाणी जात नसे, ते पंचायतीकडे परत येई.