आठव्या महिन्याची पौर्णिमा

कोरियाचे पारंपरिक पंचांग आणि महाराष्ट्राचे पंचांग यांची घडण बरीच सारखी आहे. दोन्हीकडे महिना अमावस्येच्या सुमारास सुरू होतो आणि चंद्रसूर्याच्या गतीचा मेळ घालण्यासाठी अधिक महिना धरला जातो. कोरियाचा पहिला महिना साधारणपणे माघात पडतो, आठवा भाद्रपदात. त्यामुळे तिथले दोन सर्वांत मोठे सण मराठी घराच्या ओळखीच्या दिवसांत येतात. नववर्षाचा सॉल्लाल बहुधा माघ शुद्ध प्रतिपदेच्या आसपास येतो, म्हणजे संक्रांतीची हळदीकुंकवे आणि लहानग्यांची बोरनहाणे चालू असतानाच. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेचा छुसॉक गणपती विसर्जनाच्या सुमारास येतो. २०२२ मध्ये अनंत चतुर्दशी ९ सप्टेंबरला आणि छुसॉक १० तारखेला होता. २०२३ मध्ये २८ आणि २९ सप्टेंबरला. २०२४ मध्ये दोन्ही १७ सप्टेंबरला. दोन्ही पंचांगांचा अधिक महिना एकाच वेळी येत नाही तेव्हा मात्र अंतर पडते. २०२५ चा छुसॉक ६ ऑक्टोबरला, कोजागरीच्या दिवशी आला.

छुसॉक हा नव्या पिकाचा आणि पूर्वजांचा सण. सकाळी घरातल्या मोठ्या मुलाकडे सगळे जमतात आणि नव्या तांदळाचे पदार्थ, फळे व मद्य पितरांपुढे मांडून वाकून नमस्कार करतात. या विधीला छारे म्हणतात. त्याआधीच्या आठवड्यांत डोंगरउतारावरच्या थडग्यांवर वाढलेले गवत कापून ठेवलेले असते; सणाच्या दिवशी तिथे जाऊन पुन्हा नमस्कार होतो. महाराष्ट्रात पितृपंधरवडा सुरू होतो तो नेमका याच पौर्णिमेनंतर. एका देशाने दुसऱ्याकडून हे घेतले असे मानायला आधार नाही, पण भात पिकत येण्याच्या दिवसांत गेलेल्या माणसांची आठवण काढण्याची गरज दोन्ही शेतकरी समाजांना वाटली.

सणाच्या उगमाची सर्वांत जुनी कथा ‘सामगुक सागी’ या इतिहासग्रंथात आहे. किम बुसिक या दरबारी विद्वानाने तो ११४५ मध्ये पूर्ण केला. त्यात म्हटले आहे की इ. स. ३२ मध्ये कोरियातल्या सिल्ला राज्याचा राजा युरी याने राजधानीतल्या बायकांचे दोन गट पाडले आणि आपल्या दोन मुलींना त्यांच्या प्रमुख नेमले. सातव्या महिन्याच्या मध्यापासून महिनाभर दोन्ही गटांनी कापड विणायचे आणि आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला कोणाचे काम जास्त भरले ते पाहायचे. हरलेल्या गटाने जिंकलेल्यांना जेवण आणि मद्य द्यायचे, मग सगळ्यांनी मिळून गाणी, नाच आणि खेळ करायचे. घटना आणि ग्रंथ यांत अकराशे वर्षांचे अंतर आहे, म्हणून वर्षाचा आकडा जपूनच घ्यायला हवा. तरी एक गोष्ट लक्षात राहते: या कथेत पितर नाहीत, थडगी नाहीत. आहे ते बायकांचे काम आणि काम संपल्यावरचा आनंद.

त्याहून भरवशाची नोंद कोरियाच्या बाहेरची आहे. एन्निन हा जपानी भिक्षू ८३८ मध्ये धर्मग्रंथांच्या शोधात चीनला गेला आणि सुमारे नऊ वर्षे तिथे राहिला. ८३९ मध्ये तो शांदोंग द्वीपकल्पाच्या टोकाशी, चीशान डोंगरावरच्या एका मठात उतरला होता. त्या किनाऱ्यावर सिल्लाच्या व्यापाऱ्यांच्या आणि खलाशांच्या वस्त्या होत्या. मठ बांधला होता जांग बोगोने. कोरियाच्या दक्षिणेकडील वांदो बेटावर ८२८ मध्ये आरमारी ठाणे उभारून चीन, कोरिया आणि जपान यांच्यातल्या समुद्री व्यापारावर पकड बसवणारा तो हाच. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला एन्निनने जे पाहिले ते त्याने रोजनिशीत लिहून ठेवले. मठातल्या लोकांनी पिठाचे पदार्थ केले, वाद्ये आणली आणि तीन दिवस, रात्रंदिवस, गाणे-नाचणे चालू ठेवले. हा सण इतर कुठे नाही, फक्त सिल्लाचाच आहे, असे तिथल्या वृद्ध भिक्षूंनी त्याला सांगितले. बाल्हे राज्यावर याच दिवशी विजय मिळाला होता, असे कारणही दिले. आणि हेही सांगितले, की आम्ही देशापासून दूर आहोत, त्याची ओढ वाटते म्हणून इथेही हा दिवस पाळतो.

ही नोंद मोलाची आहे. छुसॉकचे डोळ्यांनी पाहून लिहिलेले इतके जुने वर्णन मिळते ते परमुलखात राहणाऱ्या कोरियन माणसांचे, तेही एका तिसऱ्याच देशाच्या पाहुण्याने केलेले. विणकामाच्या स्पर्धेचे कारण त्यांना ठाऊक नव्हते किंवा त्यांनी ते सांगितले नाही. दूर गेलेल्या लोकांत सणाचे कारण बदलते. दिवस, जेवण आणि नाच मात्र बहुधा टिकतात. पुढच्या हजार वर्षांत हे पुन्हा पुन्हा घडले.

पितरांचा विधी सणाच्या मध्यभागी आला तो जोसॉन राजवटीत. १३९२ मध्ये सुरू झालेल्या या राजवटीने कन्फ्यूशियसच्या विचारावर राज्य आणि कुटुंब यांची घडी बसवली. वर्षातले चार मोठे सण ठरले: सॉल्लाल, वसंतातला हानशिक, पाचव्या महिन्यातला दानो आणि छुसॉक. १८४९ च्या सुमारास होंग सॉक-मो याने लिहिलेल्या ‘दोंगगुक सेशिगी’ या ग्रंथात वर्षभरातल्या चालीरीती महिन्यांच्या क्रमाने आहेत. त्यातले कितीतरी खाणे आणि खेळ आजही घरोघरी दिसतात.

छुसॉकचा पदार्थ सोंगप्यॉन. भिजवून दळलेल्या तांदळाच्या पिठाला कढत पाणी घालून मळतात, पारी करून त्यात तीळ, मूग, राजमा किंवा चेस्टनटचे गोड सारण भरतात, अर्धचंद्रासारखा आकार देतात आणि पाइनच्या सुया पसरून त्यावर वाफवतात. उकडीचे मोदक करणाऱ्या हाताला यात नवीन काही शिकावे लागणार नाही. हळदीच्या पानाचा वास जसा मोदकाला लागतो तसा पाइनचा सोंगप्यॉनला. आदल्या संध्याकाळी घरातली सगळी माणसे गोल बसून ते करतात आणि मुलांच्या हातीही पिठाचा गोळा देतात. सुबक सोंगप्यॉन करणारीला सुंदर मुलगी होते, असे आज्या सांगतात. दक्षिण-पश्चिम किनाऱ्यावर रात्री चंद्राच्या उजेडात बायका हात धरून फेर धरतात. एक जण गाते, बाकीच्या ध्रुपद उचलतात, हळूहळू गती वाढते. भोंडला आणि मंगळागौरीचे खेळ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा गांगगांगसुल्ले लगेच उमगतो. २००९ मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले.

लहान मुलांचा खरा सण मात्र सॉल्लाल. आदल्या रात्री झोपलेल्याच्या भुवया पांढऱ्या होतात असे त्यांना सांगतात आणि जो झोपतो त्याच्या भुवयांना मोठी भावंडे पीठ लावून ठेवतात. त्याच रात्री यागवांग नावाचे भूत येते, दारातले जोडे घालून पाहते आणि ज्याचा जोडा पायात बसला तो घेऊन जाते. मग त्या मुलाचे वर्षभर काही चांगले होत नाही. म्हणून जोडे घरात लपवतात आणि दाराबाहेर चाळण टांगतात. भुताला चाळणीची भोके मोजायचा नाद लागतो, मोजता मोजता कोंबडा आरवतो आणि त्याला पळावे लागते. सकाळी मुलांना रंगीत पट्ट्यांच्या बाह्यांचा हानबोक हा पारंपरिक पोशाख घालतात. आजीआजोबांपुढे गुडघे टेकून, कपाळ हातांवर ठेवून नमस्कार करायचा, मग आशीर्वाद आणि खाऊचे पैसे मिळतात. ते ठेवायला कमरेला रेशमी बटवा. तांदळाच्या वडीच्या पातळ चकत्यांचे सूप, त्तॉक्कुक, खाल्ले की प्रत्येकाचे वय एकाने वाढते. जन्मतःच एक वर्षाचे धरून नववर्षाला सगळ्यांचे वय वाढवण्याची ही रीत सरकारी कामकाजातून जून २०२३ मध्ये निघाली, पण मुले अजूनही वाटी संपवून आपण मोठे झालो असे सांगतात. दुपारी चार काठ्यांचा युन्नोरी खेळतात. काठ्या सपाट बाजूवर पडतात की गोल, त्यावर डुक्कर, कुत्रा, मेंढी, गाय, घोडा अशी चाल मिळते. पतंग पंधरवडाभर उडतात आणि पौर्णिमेच्या सुमारास दोरा कापून सोडून देतात, वर्षाचे अरिष्ट त्यांच्याबरोबर जावे म्हणून.

या नववर्षावर विसाव्या शतकात मोठे संकट आले. १८९६ पासून कोरियाने कामकाजासाठी सौर वर्ष स्वीकारले होते; १९१० नंतरच्या जपानी राजवटीने चांद्र नववर्ष साजरे करणाऱ्यांवर दबाव आणला. स्वातंत्र्यानंतरही सरकारला दोन नववर्षे नको होती. लोक मात्र घरी जुनाच दिवस पाळत राहिले. १९८५ मध्ये ‘लोकपरंपरा दिन’ अशा नावाने एक दिवसाची सुट्टी मिळाली आणि १९८९ मध्ये सॉल्लाल हे नाव व तीन दिवसांची सुट्टी परत आली. सरकारने जवळपास शतकभर नाकारलेला दिवस लोकांनी घरात जपला, याचे श्रेय घराघरांतल्या स्वयंपाकघरांना आणि मुलांच्या त्या नमस्कारालाच द्यायला हवे. तोवर लाखो लोक कारखान्यांमागे सोल आणि बुसानला आले होते. सणाला सगळे गावी निघतात, रस्ते तासन्‌तास तुंबतात, रेल्वेची तिकिटे हातोहात संपतात. गणपतीला मुंबईहून कोकणात निघालेल्या चाकरमान्यांना हे चित्र समजावून सांगावे लागत नाही.

गावी जाताच येत नाही अशी माणसेही लाखांनी आहेत. १९३७ मध्ये स्टालिनच्या सरकारने सोव्हिएत संघाच्या अतिपूर्वेकडील सुमारे १,७०,००० कोरियन लोकांना कझाकस्तान आणि उझबेकिस्तानात हलवले. त्यांच्या वंशजांत छुसॉक मागे पडला आणि एप्रिलमधला हानशिक थडगी साफ करण्याचा मुख्य दिवस झाला. कोरियन युद्धाने फाटलेल्या देशातच परके झालेल्यांसाठी सीमेजवळ इमजिनगाक येथे १९८५ मध्ये एक वेदी बांधली गेली. उत्तरेत जन्मलेले म्हातारे सॉल्लालला आणि छुसॉकला तिथे उत्तरेकडे तोंड करून पितरांना नमस्कार करतात. त्या युद्धानंतरच्या कैद्यांचा सांभाळ करणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. फेब्रुवारी १९५४ मध्ये हे दल परतले तेव्हा उत्तर आणि दक्षिण दोन्ही नाकारलेले ८८ कैदी बरोबर आले. बहुतेक कोरियन होते. भारतात वस्तीला आलेल्या पहिल्या कोरियन माणसांत त्यांची गणना होते. पुढे त्यांतले बरेच दक्षिण अमेरिकेला गेले, काही इथेच राहिले.

कोल्हापूरचा कोरियाशी दुसरा धागा अलीकडचा आहे. शिवाजी विद्यापीठात पातळ पटलांवर आणि नॅनो पदार्थांवर संशोधन करून पीएचडी झालेली बरीच तरुण मंडळी २००० नंतर कोरियातल्या विद्यापीठांत पुढच्या संशोधनासाठी गेली. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘ब्रेन कोरिया २१’ योजनेने तिथल्या विद्यापीठांना संशोधनासाठी मोठा पैसा मिळाला होता. नवराबायको आणि एखादे लहान मूल असे हे कुटुंब. त्यांच्या घरात सण शिरतो तो पाळणाघरातून. छुसॉकच्या आठवड्यात मुलांना हानबोक घालून पाठवायला सांगतात, पीठ मळून सोंगप्यॉन करायला लावतात, नमस्कार शिकवतात. प्रत्यक्ष सणाला शहर रिकामे होते, बरीच दुकाने बंद असतात आणि नातेवाईक नसलेल्या कुटुंबाला जायला घर नसते. राजवाडे अशा दिवसांत उघडे असतात. सोलच्या ग्यॉंगबोकगुंगमध्ये तर हानबोक घातलेल्याला वर्षभर प्रवेश मोफत आहे. त्याच आवारातल्या लोकजीवन संग्रहालयात, नामसानच्या पायथ्याच्या जुन्या घरांच्या वसाहतीत आणि १९७४ पासून चालू असलेल्या योंगिनच्या लोकग्रामात मुलांसाठी काठ्यांचे आणि बाण टाकण्याचे खेळ मांडतात. शाकाहारी घराची अडचण त्तॉक्कुकपाशी होते, कारण ते गोमांसाच्या रश्शात करतात. सोंगप्यॉन, तांदळाचे गोड पेय शिखे आणि मधात घोळवलेली याकग्वा यांना काही अडसर नाही.

उलट दिशेने कोरियन कुटुंबे पुण्यात आली. भारत आणि दक्षिण कोरिया यांचे राजनैतिक संबंध डिसेंबर १९७३ चे, पण माणसांची ये-जा वाढली १९९१ नंतर. रांजणगावात एलजीचा कारखाना २००४ च्या सुमारास सुरू झाला, चाकणला ह्युंदाईची बांधकाम यंत्रे बनू लागली, पोस्कोने पोलादावर प्रक्रिया करणारे केंद्र काढले. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना ह्युंदाईने घेतला आणि २०२५ मध्ये तिथून मोटारी निघू लागल्या. हे सगळे शहराच्या उत्तरेकडच्या बाजूला. पुण्याच्या दक्षिणेकडचे बिबवेवाडी हे उपनगर कारखान्यांचे नाही, व्यापाराचे, पण बाहेरून आलेल्या कुटुंबांचेच. घाऊक बाजार, म्हणजे मार्केट यार्ड, शेजारच्या गुलटेकडीला आल्यावर राजस्थान, गुजरात आणि राज्याच्या इतर जिल्ह्यांतल्या कुटुंबांनी इथे घरे केली आणि आपापले सण बरोबर आणले. परक्या शहरात मुलांना घरचा सण कसा दाखवायचा, हा प्रश्न या उपनगराच्या ओळखीचा आहे. सोंगप्यॉनसाठी लागणारे तांदूळ, तीळ, मूग, गूळ मार्केट यार्डाच्या भुसार बाजारात मिळतात, सफरचंद आणि नाशपाती फळबाजारात. पाइनच्या सुया तेवढ्या मिळत नाहीत.

छुसॉकला भारतात सुट्टी नसते. पण तो अनंत चतुर्दशीला आला की पुण्यातल्या शाळा आपोआप बंद असतात. थडगे दूर, मोठा मुलगा कोरियात, स्वयंपाकाला जावा-नणंदा नाहीत, अशा घरात विधी कसा पुरा करायचा ही अडचण मोठी होती. कन्फ्यूशियन परंपरेची प्रमुख संस्था सोंगग्युनग्वान हिने ५ सप्टेंबर २०२२ रोजी छारेचा साधा नमुना जाहीर केला: सोंगप्यॉन, भाज्या, भाजलेला पदार्थ, किमची, फळे आणि मद्य पुरेसे, जास्तीत जास्त नऊ पदार्थ. दिवसभर तेलात तळत बसण्याची गरज नाही, असेही त्यात स्पष्ट म्हटले. हा निर्णय मुख्यतः कोरियातल्या थकलेल्या सुनांसाठी होता, पण चार माणसांच्या परदेशातल्या घरालाही तो तितकाच लागू पडतो. भाड्याच्या घरातल्या टेबलावर सहा पदार्थ मांडता येतात. विधीनंतर आजीआजोबांना फोनच्या पडद्यावर नमस्कार होतो, आणि मुले उरलेल्या पिठाचे वेडेवाकडे सोंगप्यॉन करून खातात.