दिव्याचें आयुष्य

समईंत तेल किती उरलें आहे हें पाहून ती किती वेळ तेवेल तें आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायका अचूक सांगत. विजेच्या दिव्याच्या पोटांत असें कांहींच दिसत नाहीं. त्याचें आयुष्य आपण खोक्यावर छापलेल्या आंकड्यावरून मानावयाचें. २५,००० तास! रोज ५ तास लावल्यास हा हिशेब १३ वर्षांपलीकडे जातो; आणि प्रत्यक्षांत आमच्या न्हाणीघरांतील बंद कांचेच्या गोळ्यांतला असा एक दिवा दोन दिवाळ्याही न पाहतां विझला. अशा वेळीं कारखानदारानें फसविलें असें म्हणून आपण मोकळे होतों. पण हा तासांचा आंकडा मुळांत कसा ठरतो हें पाहिलें म्हणजे प्रश्न इतका सोपा राहत नाहीं.

१८७९ सालीं एडिसनचा पहिला यशस्वी कर्बतंतूचा दिवा कांहीं तासच टिकला. बांबूचा तंतु हातीं येतांच हजार तासांची मजल गांठली गेली. कॅलिफोर्नियांत लिव्हरमोर येथील अग्निशामक ठाण्यांत १९०१ सालीं लावलेला दिवा तर शंभरी उलटूनही मिणमिणत राहिला. मग दिव्याचें आयुष्य वाढतच जावयास हवें होतें, झालें उलटेंच. १९२४ सालीं जिनीव्हा येथें जर्मनीची ओसराम, हॉलंडची फिलिप्स इत्यादि मोठ्या कारखानदारांनीं ‘फीबस’ नांवाचा संघ स्थापिला आणि घरगुती दिव्याचें आयुष्य १,००० तास ठरविलें. नमुने तपासले जात, आणि ज्याचा दिवा मर्यादेबाहेर टिके त्यास दंड होई! दुसऱ्या महायुद्धानें हा संघ मोडला.

तथापि न्यायानें बोलावयाचें तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तार जितकी अधिक तापवावी तितका त्याच विजेंत उजेड अधिक, पण तारेचें आयुष्य थोडें. लिव्हरमोरचा दिवा टिकला खरा, पण त्याच्या उजेडांत पुस्तक वाचणें कठीण. १९५१ सालीं ब्रिटिश चौकशी मंडळानेंही हजार तासांचा मध्यम मार्ग अवाजवी मानला नाहीं. आमचा आक्षेप आंकड्यावर नसून, तो गिऱ्हाइकाच्या पाठीमागें ठरला यावर आहे.

पुढें वीज वांचविणारे दिवे आले. १९८० सालीं फिलिप्सनें साध्या होल्डरांत बसणारा नळीचा दिवा विक्रीस आणला. १९९३ सालीं जपानांत नाकामुरा यांनीं तेजस्वी निळा एलईडी सिद्ध केल्यावर पांढऱ्या उजेडाचा मार्ग मोकळा झाला. भारतांत २०१५ सालीं निघालेल्या ‘उजाला’ योजनेंतून ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे घरोघर गेले.

आतां खोक्यावरील आंकड्याचा अर्थ पाहूं. नळीच्या दिव्याचे ८,००० तास म्हणजे तपासणींतील निम्मे दिवे तोंवर विझले. उरलेले निम्मेच पुढें जगले. एलईडीचा आंकडा बहुधा उजेड सत्तर टक्क्यांवर उतरेपर्यंतचा असतो. ही परीक्षा ठराविक हवेंत व ठराविक दाबाच्या विजेवर होते; आपल्या घरीं तसें नसतें. नळीचा दिवा वारंवार उघडझांप केल्यानें लवकर थकतो. एलईडीचा प्रकाशकण सहसा आधीं मरत नाहीं. बुडाशीं असलेली विजेची जुळणी, विशेषतः तींतील धारित्र, उष्णतेनें सुकून जातें. बंद गोळ्यांत ही उष्णता कोंडते. आमच्या न्हाणीघरांत दिव्यास मरण आलें तें बहुधा याच वाटेनें.

तेव्हां गृहस्थानें काय करावें? एलईडी मोकळ्या हवेंत लावावा, हमीची मुदत पाहून घ्यावा, पावती जपावी आणि दिवा लावल्याची तारीख त्याच्या बुडावर लिहावी. समईचें तेल पाहणाऱ्या त्या बायकांनीं आपला हिशेब दुसऱ्याच्या हातीं कधीं दिला नव्हता. दिवा बदलला म्हणून ती संवय सोडण्याचें कारण नाहीं.