अफवा, पुरावा आणि थकलेली बॅटरी

१/ "नवा आयफोन बाजारात आला की कंपनी जुना मुद्दाम मंद करते." ही वदंता अनेक वर्षे लोकांच्या तोंडी होती. डिसेंबर २०१७ मध्ये तिला पुरावा मिळाला. मात्र तो नेमका कशाचा पुरावा होता, हे इतिहासाच्या अभ्यासकाने बारकाईने पाहण्यासारखे आहे. #थ्रेड

२/ आरंभ एका वेगळ्याच तक्रारीने झाला. २०१६ च्या अखेरीस आयफोन ६ आणि ६एस वापरणारे सांगू लागले की, बॅटरी शिल्लक असतानाही फोन अचानक बंद पडतो. नोव्हेंबरात ॲपलने ठरावीक काळात तयार झालेल्या काही ६एसच्या बॅटऱ्या मोफत बदलून देण्याचे जाहीर केले. तक्रारी तेवढ्याने थांबल्या नाहीत.

३/ कारण रसायनशास्त्रात होते. लिथियम-आयन बॅटरी जुनी होत जाते तसा तिचा अंतर्गत रोध वाढतो. प्रोसेसरने एकाएकी अधिक विद्युतप्रवाह मागितला की दाब कोसळतो आणि आतील भागांना इजा होऊ नये म्हणून फोन बंद होतो. थंडीत हे अधिक घडते.

४/ जानेवारी २०१७ मध्ये आयओएस १०.२.१ हे अपडेट आले. बॅटरी थकलेली असल्यास प्रोसेसरच्या कमाल वेगाला ते लगाम घालत असे. अचानक बंद पडण्याचे प्रकार पुष्कळ घटले. परंतु या उपायामुळे फोन मंदावू शकतो, हे ग्राहकांना स्पष्टपणे सांगितले गेले नाही. वादाचे मूळ या मौनात आहे.

५/ त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेडिटवर एकाने लिहिले: बॅटरी बदलताच माझा ६एस पुन्हा वेगवान झाला. एकट्याची साक्ष अपवाद म्हणून सोडून देता आली असती. पण १८ डिसेंबरला 'प्रायमेट लॅब्स'चे जॉन पूल यांनी गीकबेंच या वेगचाचणीचे आलेख मांडले. आधीच्या आवृत्तीवर बहुतेक ६एस एकाच गुणसंख्येभोवती होते, १०.२.१ वर कमी गुणांचे नवे उंचवटे दिसू लागले. साक्षीला आकड्यांचा आधार मिळाला.

६/ २० डिसेंबरला ॲपलने वेगमर्यादेची कबुली दिली आणि २८ तारखेला जाहीर माफी मागितली. वॉरंटी संपलेल्या फोनची बॅटरी बदलण्याचा दर अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आला. मार्च २०१८ मधील आयओएस ११.३ पासून बॅटरीची स्थिती फोनमध्येच पाहता येऊ लागली.

७/ आता मूळ वदंतेकडे वळू. तिच्यात दोन विधाने आहेत: कृती (फोन मंद केला) आणि हेतू (नवा विकण्यासाठी). कृती सिद्ध झाली. हेतू ॲपलने नाकारला. २०२० मध्ये फ्रान्सने २.५ कोटी युरोंचा दंड केला, तो ग्राहकांना माहिती न दिल्याबद्दल. अमेरिकेत त्याच वर्षी ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली. तीत कंपनीने दोष मान्य केला नाही.

८/ मग ग्राहकांचा संशय निराधार होता का? तसेही नाही. २ जानेवारी २०१९ रोजी टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून महसुलाचा अंदाज घटवला. नवे आयफोन अपेक्षेइतके न घेतले जाण्याच्या कारणांत त्यांनी स्वस्त झालेल्या बॅटरीबदलाचाही उल्लेख केला. बॅटरी बदलणे सोपे आणि स्वस्त होताच काहींनी जुनाच फोन ठेवला. हेतू काहीही असो, मौनाचा भार ग्राहकाच्या खिशावर पडत होता.

९/ बखर वाचताना आपण हीच शिस्त पाळतो. बखरकार घटना सांगतो आणि एका दमात तिच्यामागचा हेतूही सांगून टाकतो. घटनेला दुसऱ्या साधनाचा दुजोरा मिळाला, म्हणून हेतूही सिद्ध झाला असे होत नाही. आणि हेतू सिद्ध झाला नाही, म्हणून लोकांचे नुकसान खोटे ठरत नाही.

१०/ तेव्हा पुढची अफवा वाचताना तीन प्रश्न वेगवेगळे विचारा: काय घडले, का घडले, कोणाला भोगावे लागले? आणि जुना आयफोन मंदावला असेल, तर नवा घेण्याआधी सेटिंग्जमध्ये बॅटरीची स्थिती पाहा.