मुलांच्या हातातला कॅमेरा : ब्राउनीपासून डिजिटलपर्यंत

लहान मुलांना वापरता येईल असा कॅमेरा मोठ्या प्रमाणावर बाजारात आला तो फेब्रुवारी १९०० मध्ये. अमेरिकेतील रॉचेस्टर शहरातल्या ईस्टमन कोडॅक कंपनीने ‘ब्राउनी’ नावाचा हा कॅमेरा एक डॉलरला विकायला काढला. जॉर्ज ईस्टमन यांचा १८८८ मधला मूळ कोडॅक कॅमेरा २५ डॉलरांना मिळत असे. त्यातली शंभर चित्रे काढून झाली की आख्खा कॅमेराच कारखान्यात परत पाठवावा लागे. ब्राउनीने ही दोन्ही ओझी उतरवली. त्याची किंमत शाळकरी मुलाला साठवलेल्या पैशांतून देता येईल एवढी होती आणि सहा चित्रांचा रोल १५ सेंटला सुटा मिळत होता.

फ्रँक ब्राउनेल यांनी घडवलेला हा कॅमेरा म्हणजे कृत्रिम कातडे चढवलेली पुठ्ठ्याची पेटी होती. पुढे एक साधे भिंग व फिरती चकती असलेला खटका आणि मागच्या बाजूला रोल. चित्र सव्वादोन इंच चौरस येई. पहिल्या नमुन्याला डोळा लावून पाहण्याची खिडकीही नव्हती. पेटीच्या माथ्यावर कोरलेल्या इंग्रजी ‘व्ही’ आकाराच्या रेषांवरून नेम धरायचा. भिंगाचे छिद्र लहान असल्यामुळे काही पावलांपलीकडचे सारे काही बऱ्यापैकी स्पष्ट उमटे, म्हणून अंतर जुळवण्याची गरज नव्हती. मात्र त्याच लहान छिद्रामुळे प्रकाश कमी पोहोचे आणि चित्र काढण्यासाठी भरपूर ऊन लागे. सूर्याकडे पाठ करा, पेटी हलू देऊ नका आणि खटका दाबा, एवढेच मुलांना शिकवावे लागे.

कंपनीने जाहिरातीही मुलांसाठीच केल्या. पामर कॉक्स यांच्या गोष्टींतले ब्राउनी नावाचे बुटके त्या काळी अमेरिकी मुलांचे लाडके होते. कॅमेऱ्याचे नाव त्यांच्यावरूनच पडले. मुलांसाठी ब्राउनी क्लब काढला गेला आणि चित्रांच्या स्पर्धा भरवल्या गेल्या. पहिल्या वर्षातच एक लाखाहून अधिक कॅमेरे गेले. या स्वस्ताईमागे व्यापारी हिशेबही होता. कॅमेरा एकदाच विकला जातो, रोल मात्र पुन्हा पुन्हा लागतो. तरीही या पेटीत मुलांना फसवणारे काही नव्हते. तिच्यातून निघणारे चित्र खरे छायाचित्र होते, जपून ठेवण्याजोगे.

याचे पुरावे लवकरच मिळाले. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर वाचलेल्या प्रवाशांना ‘कार्पेथिया’ जहाजाने उचलून घेतले. त्या जहाजावर बर्निस पामर ही सतरा वर्षांची मुलगी आपला ब्राउनी घेऊन प्रवास करत होती. तिने टिपलेली हिमनग आणि वाचलेले प्रवासी यांची छायाचित्रे आज इतिहासाची साधने मानली जातात. १९१६ मध्ये कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोऱ्यात सहलीला गेलेल्या चौदा वर्षांच्या ॲन्सेल ॲडम्सला आईवडिलांनी ब्राउनी दिला. त्याच खोऱ्याच्या छायाचित्रांसाठी पुढे तो जगभर ओळखला गेला.

यानंतरच्या सहासात दशकांत बदलत गेले ते कॅमेऱ्याचे साहित्य आणि रोल भरण्याची रीत. १९३४ मध्ये वॉल्टर डॉर्विन टीग यांनी आखलेला ‘बेबी ब्राउनी’ बेकेलाइटचा होता, म्हणजे पुठ्ठ्याहून टिकाऊ. पण रोल भरणे हे मुलांसाठी अवघडच काम राहिले. कागदाचे टोक रिळाच्या खाचेत अडकवायचे, सावलीत बसून गुंडाळायचे, आणि चुकले तर रोल उजेड लागून वाया जायचा. १९६३ मध्ये आलेल्या कोडॅकच्या ‘इन्स्टामॅटिक’ने ही अडचण सोडवली. त्याची फिल्म बंद प्लास्टिकच्या डबीत असे. डबी कॅमेऱ्यात बसवली की झाले. १९७० पर्यंत असे पाच कोटींहून अधिक कॅमेरे विकले गेले आणि कित्येक देशांत मुलांना वाढदिवसाला द्यायची ती नेहमीची भेट बनली.

भारतात ही जागा बऱ्याच घरांत ‘आग्फा क्लिक थ्री’ने घेतली. बडोद्यात बनणारा हा कॅमेरा ‘१२०’ या मापाच्या रोलवर बारा चौकोनी चित्रे काढी. त्याची रचना ब्राउनीच्याच वळणाची, सोपी आणि चिवट होती. तरीही तो मुलांच्या हाती क्वचितच मोकळेपणाने सोपवला जाई. रोल विकत घ्यायचा, स्टुडिओत धुवायला टाकायचा, मग प्रिंट काढून घ्यायच्या, अशा प्रत्येक पायरीवर पैसे मोजावे लागत. बारा चित्रांपैकी चार बिघडली तर तो थेट खर्च होता. त्यामुळे कॅमेरा वर्षभर कपाटात असे आणि लग्न, सहल किंवा गणपतीच्या दिवसांत मोठ्यांच्या देखरेखीखाली बाहेर येई. चुकत चुकत शिकायची मुभा मुलांना नव्हती. फिल्मच्या काळातली ही खरी मर्यादा होती आणि नुसता कॅमेरा स्वस्त करून ती सुटण्यासारखी नव्हती.

ती सोडवणाऱ्या तंत्राचा पहिला नमुना १९७५ च्या डिसेंबरमध्ये कोडॅकमध्येच तयार झाला. स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने जोडलेले ते यंत्र साडेतीन किलोहून जड होते. त्यात उभे-आडवे शंभर-शंभर बिंदूंचे कृष्णधवल चित्र मिळे आणि ते कॅसेटच्या फितीवर नोंदवायला २३ सेकंद लागत. १९९५ मध्ये कॅसिओच्या ‘क्यूव्ही-१०’ या कॅमेऱ्याच्या पाठीवर पडदा आला आणि काढलेले चित्र जागच्या जागी पाहता येऊ लागले. मुलांच्या दृष्टीने हा बदल सर्वांत मोठा होता. कृती आणि तिचे फळ यांत पूर्वी आठवडे जात, आता क्षण पुरू लागला. डोके कापले गेले हे दिसते, लगेच दुसरे चित्र काढता येते, आणि त्यासाठी एक पैसाही पडत नाही.

मुलांच्या हाती डिजिटल कॅमेरा पोहोचला तो मात्र खेळण्याच्या वाटेने. १९९८ मध्ये निन्टेंडोने ‘गेम बॉय कॅमेरा’ आणला. हातातल्या खेळयंत्राला जोडायचा हा कॅमेरा करड्या रंगाच्या चार छटांत १२८ गुणिले ११२ बिंदूंची चित्रे काढी आणि अशी तीस चित्रे साठवी. नव्वदच्या दशकात विकसित झालेल्या सीमॉस या प्रकारच्या प्रकाश-संवेदकांमुळे खर्च आणि वीज दोन्ही कमी लागू लागली. तेव्हा खेळणी बनवणाऱ्या इतर कंपन्याही या क्षेत्रात उतरल्या. त्यांच्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांतून धूसर, डागाळलेली चित्रे निघत. अनेकांना पडदाही नसे, त्यामुळे चित्र पाहायला संगणकच लागे. जे चित्र पाहून मूल खूश होत नाही, ते काढण्यात त्याचे मन फार दिवस रमत नाही. म्हणून यातले बरेच कॅमेरे लवकरच अडगळीत गेले.

२००६ मध्ये फिशर-प्राइस कंपनीने ‘किड-टफ’ हा कॅमेरा काढला आणि चिमुकल्यांच्या शरीराचा विचार प्रथमच पूर्णपणे केला. तीन-चार वर्षांच्या मुलाला एक डोळा मिटून पाहणे सहसा जमत नाही. त्याच्या हाती नळी दिली तर ते ती दोन डोळ्यांच्या मधोमध धरते. म्हणून या कॅमेऱ्याला दुर्बिणीसारख्या दोन खिडक्या होत्या. दोन्ही बाजूंना जाड मुठी होत्या, कारण लहान मूल एका हाताने कॅमेरा स्थिर धरू शकत नाही. बटणे मोठी आणि मोजकी होती. कवच पडझड सोसणारे होते आणि मागे छोटा रंगीत पडदा होता. चित्र ६४० गुणिले ४८० बिंदूंचे, म्हणजे त्या काळच्या मोठ्यांच्या कॅमेऱ्यांच्या तुलनेत बरेच कमी प्रतीचे. पुढे व्हीटेकच्या ‘किडीझूम’ मालिकेने हाच साचा उचलला, पण त्यात चित्रांना चौकटी, मुखवटे आणि छोटे खेळही घातले.

पुढच्या दशकात घरोघरी स्मार्टफोन आले आणि मुलांचे पहिले चित्र बहुधा आईबाबांच्या फोनवर निघू लागले. तरी स्वतंत्र छोट्या कॅमेऱ्याची मागणी संपली नाही, कारण पालकांना इंटरनेट नसलेले साधन हवे होते. सिलिकॉनचे कवच घातलेले, मेमरी कार्डावर चालणारे स्वस्त चिनी कॅमेरे याच काळात पसरले. उष्णतेने काळ्या होणाऱ्या कागदावर तिथेच प्रिंट देणारे कॅमेरेही आले. तो कागद स्वस्त असतो आणि त्याला शाई लागत नाही, पण त्यावरचे चित्र काळाबरोबर फिके पडते. सुरक्षिततेचे नियमही याच काळात कडक झाले. अमेरिकेने २००८ मध्ये मुलांच्या वस्तूंतील शिशावर कठोर मर्यादा घातली. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणचिन्ह सक्तीचे झाले.

मुलाचा पहिला कॅमेरा कसा निवडावा, याचे बरेचसे उत्तर या सव्वाशे वर्षांच्या वाटचालीत मिळते. तीन ते पाच वर्षांच्या मुलासाठी दोन हातांत बसणारी मूठ, पडले तरी न फुटणारे कवच आणि स्क्रूने बंद होणारे बॅटरीचे झाकण या गोष्टी बिंदूंच्या संख्येपेक्षा मोलाच्या आहेत. गळ्यातला पट्टा ताण पडताच सुटणारा असावा. सहा-सात वर्षांनंतर मात्र चित्राच्या दर्जाला महत्त्व येते आणि तेव्हा नव्या खेळण्यापेक्षा घरातला जुना साधा डिजिटल कॅमेरा अधिक उपयोगी ठरतो. आत भरलेले खेळ जितके कमी, तितके मुलाचे लक्ष भोवतालच्या जगाकडे जास्त. ब्राउनी टिकला तो स्वस्त होता म्हणून, तसाच मुलाला खरे चित्र देत होता म्हणूनही. आज कॅमेरा विकत घेताना हीच कसोटी लावावी, आणि निवडलेली थोडी चित्रे कागदावर छापून मुलाच्या हाती द्यावीत.